उजेडात गेलेली करवली

ताईच्या लग्नात मी हजर होते. एवढं साधं वाक्य मी गेली वीस वर्षं सांगत आले आहे आणि वटारला, ताईच्या सासरी, अजून कोणी ते शेवटपर्यंत ऐकून घेत नाही, म्हणून आता लिहून ठेवते. माझे आज तीन स्टुडिओ आहेत, हाताखाली माणसं आहेत, आणि कागदवाल्यापासून फ्रेमवाल्यापर्यंत एकही जण माझ्याशी घासाघीस करायला बसताना पाणी पिऊन आल्याशिवाय बसत नाही. पण ताईच्या सासरच्या ओटीवर जो मोठा फोटो आहे, त्यात मी नाही. माझ्या जागी एक पांढरा डाग आहे, आणि त्या डागातून एक हात बाहेर आलेला आहे. त्या हाताची ही गोष्ट.

आमचं घर निर्मळला, केळीच्या वाडीत. सकाळ व्हायची ती विहिरीवरच्या मोटरच्या धडधडीनं आणि फुलांच्या करंड्या बांधलेल्या सायकलींच्या घंट्यांनी. आई चुलीपुढे तांदळाची भाकरी थापायची, त्या थापांना एक ठेका होता. राग आला की ठेका जलद व्हायचा आणि भाकरी पातळ. बाबा जेवताना भाकरी उजेडाकडे धरून पाहायचे आणि त्यावरून आज गप्प बसायचं की बोलायचं ते ठरवायचे. माझा राग मात्र भाकरीत मावणारा नव्हता. मी फुलांच्या करंड्या घेऊन वसईच्या बाजारात बसायची, आणि अबोलीच्या एका वेणीसाठी हुज्जत घालणाऱ्या बाईला मी एकदा तिच्या घरापर्यंत हुज्जत घालत पोचवलं होतं. वेणी तिनं मी सांगितलेल्या किमतीलाच घेतली, वर चहाही पाजला. ताई माझ्या अगदी उलट. तिच्या पायावर कोणी पाय दिला तर तीच "लागलं का?" म्हणून विचारायची.

ताईचं लग्न वटारला ठरलं. माणसं चांगली, वाडी मोठी, भावोजी मऊ. फक्त सासूबाई, ज्यांना मी काकी म्हणायची, त्या बांधाच्या खुंटासारख्या ताठ. लग्नाच्या आठवडाभर आधीच काकींनी जाहीर केलं होतं की आदल्या रात्रीपासून मुलाच्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत आपण पाण्याचा थेंब घेणार नाही. लग्नाच्या दिवशी ही बातमी वऱ्हाडाच्या पुढे चालत आमच्या मांडवात पोचली. जो तो काकींकडे बोट दाखवून सांगत होता, "काल रात्रीपासून काही नाही हो पोटात!" आणि काकी ते ऐकून आणखी थोड्या ताठ होत होत्या.

मी करवली. आमच्याकडे करवलीनं नवरीच्या मागं कऱ्हा घेऊन उभं राहायचं असतं. तांब्याचा कऱ्हा, त्यात पाणी, तोंडाशी आंब्याची पानं, वर नारळ. अक्षता पडेपर्यंत तो जमिनीला टेकवायचा नाही. टेकवला तर काय होतं हे कोणालाच नक्की माहीत नव्हतं, कारण आजवर कोणी टेकवलेला नव्हता. मुहूर्त दुपारचा, भटजी उशिरा आलेले. मांडवाच्या कापडाच्या दोन पट्ट्यांमधून उन्हाची एक तिरीप नेमकी माझ्यावर पडत होती, आणि तेवढ्यानं समाधान न होऊन व्हिडिओवाल्यानं आपला हॅलोजनचा दिवाही माझ्या कानाशी आणून उभा केला. ताईच्या डोक्यात मी पहाटे उठून गुंफलेली मोगऱ्याची वेणी होती. ती माझ्या डोळ्यांदेखत कोमेजायला लागली. दिवा हटव, असं मी व्हिडिओवाल्याला आधी खुणेनं सांगितलं. मग हळू आवाजात सांगितलं. मग मंगलाष्टकं सुरू झाली आणि हळू आवाज ऐकू येईना, म्हणून मी मोठ्यानं सांगितलं.

तेवढ्यात आवाज झाला. ठण्ण! भांडं जमिनीवर पडावं तसा, आणि मग गोल गोल फिरत थांबावं तसा. भटजी एक कडवं विसरले. सगळ्या मांडवानं मागं वळून पाहिलं, पण माझ्या बाजूला एवढा उजेड होता की कोणाला काही दिसेना. आणि त्या उजेडातून काकींचा आवाज आला, "करवलीनं कऱ्हा टेकवला! मी माज्या डोल्यांनी पायलं!"

मी कऱ्हा टेकवला नव्हता. मी ओरडून तसं सांगितलं. पण मी ओरडतच होते, त्यामुळे त्यात नवीन काही कोणाला वाटलं नाही. मी असंही विचारलं की वरमाईनं मंगलाष्टकं पाहायची नाहीत अशी तुमच्याकडे रीत, म्हणून तर तुम्ही पाठ फिरवून खांबाआड उभ्या होतात, मग पाहिलंत कसं? हा प्रश्न आजही बिनतोड आहे. पण त्या घटकेला अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली आणि माझा बिनतोड प्रश्न सनईखाली गेला.

पुढचे काही महिने वटारला जे जे बिघडलं ते सगळं माझ्यामुळे. विहिरीची मोटर जळली, कऱ्हा. केळीच्या पानांवर करपा आला, कऱ्हा. भावोजींच्या स्कूटरच्या डिकीत मुंग्या झाल्या, कऱ्हा. शेजारच्यांच्या बकरीला तीन पिल्लं झाली, तर काकी म्हणाल्या, दोनच होनार होती. ताई फोनवर हे सगळं हसत सांगायची. मग एक दिवस तिनं हसता हसता सांगितलं की तिला दिवस गेलेत, आणि लगेच रडायला लागली. काकींनी ठरवलं होतं की ज्या घरी कऱ्हा टेकला त्या घरी पहिलं बाळंतपण नको. ताईला निर्मळला पाठवणार नाहीत.

आईनं त्या दिवशी भाकऱ्या केल्या त्यातून पलीकडची भिंत दिसत होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कोणी ठरवत नाही, ते असतंच. आईनं डिंक आणून ठेवला होता, अळीव निवडून ठेवले होते, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली होती. ती ट्रंकेतून काढायची, घडी मोडायची, परत घालायची. मला म्हणाली, "तुजं तोंड जरा बंद रायलं असतं तर!" माझी आई असं म्हणाली. मी हात जोडून सांगते, मी बाजारात खूप ऐकून घेतलंय आणि खूप सुनावलंय, पण ते वाक्य अजून माझ्या घशात आहे.

लग्नाचे फोटो इनासभाऊंनी काढले होते. त्यांचा स्टुडिओ वसईच्या बाजाराच्या तोंडाशी. त्यांनी नुकताच डिजिटल कॅमेरा घेतला होता आणि तो त्यांना पुरता आवरत नव्हता. त्या आवाजानं दचकून त्यांचं बोट दाबलं गेलं आणि नेमक्या त्या क्षणाचा फोटो निघाला. फोटोत ताई होती, अंतरपाट होता, मामा होता, तोंड उघडं टाकलेले भटजी होते, आणि उजव्या बाजूला, जिथं मी उभी होते तिथं, खांबापर्यंत पसरलेला पांढरा शुभ्र डाग. मी तो फोटो त्यांच्या टेबलावर आपटला.

"इनासभाऊ, मी कुठंय?"

"उजेडात गेलीस बाय," ते शांतपणे म्हणाले. "उजेड जास्त झाला की कॅमेरा आंधळा होतो."

"मग डोळे द्या त्याला परत."

"ते काय माझ्या हातात हाय? हे बघ, माझंच नशीब बघ. तुझ्या ताईच्या लग्नात कार्ड निम्म्यात भरलं. प्रत्येक फोटोच्या दोन दोन फायली. एक उघडते, दुसरी उघडतच नाय. नुसत्या जड. आज पुसूनच टाकतो."

न उघडणारं ते सगळं टाकाऊ, असं समजणाऱ्या माणसाशी सौदा करण्यासारखं सुख नाही. ज्या वस्तूची मालकाला किंमत नाही ती आधी हातात घ्यावी, मग ती काय आहे ते बघावं, हे मी फुलांच्या ढिगापुढं बसून शिकले होते. मी म्हटलं, त्या फायली मला द्या. ते म्हणाले, बदल्यात काय? त्यांची अडचण मला दिसत होती. गिऱ्हाईक भांडायला लागलं की इनासभाऊ मागच्या खोलीत जाऊन नळ सोडायचे, म्हणजे ऐकू येऊ नये. मी म्हटलं, तुमच्या गिऱ्हाइकांशी मी भांडते. त्यांनी एकदा नळाकडे पाहिलं आणि मला खुर्ची दिली.

दुपारी दुकान बंद असायचं, तेव्हा कॉम्प्युटर माझा. त्या जड फायली कॅमेऱ्याच्या डब्यातून आलेल्या सीडीतल्या प्रोग्रॅमवर उघडत होत्या, सीडी अजून प्लास्टिकच्या वेष्टनात होती. नंतर कळलं की इनासभाऊंनी चुकून कॅमेऱ्याला सांगून ठेवलं होतं की फोटोबरोबर कच्चा मालही ठेव. शिजवलेल्या फोटोत जे पांढरं होऊन गेलेलं असतं त्यातलं बरंच कच्च्या फाइलीत शिल्लक असतं. त्या प्रोग्रॅममध्ये एक पट्टी असते. ती शून्यापासून शंभराकडे सरकवली की पांढऱ्यातून हळूहळू काहीतरी वर येतं. मी आधी इनासभाऊंनी काढलेल्या ख्रिस्ती नवरींच्या फोटोंवर हात बसवला. त्यांचे पांढरे गाऊन फ्लॅशमध्ये धुऊन निघायचे आणि नवरीची आई येऊन विचारायची, "लेस कुठंय?" मी पट्टी सरकवून लेस काढून द्यायला लागले. एका आईनं मला आशीर्वाद दिला आणि मग लेस फाटलेली निघाली म्हणून शिंप्याला शिव्या द्यायला गेली. यातूनच हेही शिकले की सगळं परत येत नाही. जिथं कॅमेऱ्याला मुळातच काही दिसलेलं नाही तिथं पट्टी कितीही ओढा, नुसता राखाडी चिखल येतो. आजकालची पोरं मला फोनवरचे फोटो आणून देतात आणि म्हणतात, ताई, आकाश परत आणा. मी म्हणते, तू आणलं होतंस का घरी?

तीन आठवड्यांनी मी ताईच्या लग्नाचा फोटो उघडला. चाळीसवर माझ्या साडीचा काठ आला. साठवर कऱ्हा आला! तांब्याचा कऱ्हा, वर नारळ, आणि त्याला कमरेवर घट्ट धरणारा माझा डावा हात. पाण्याची घागर घ्यावी तसा मी तो कमरेवर घेतला होता, पण जमिनीपासून चांगला अडीच फूट वर. मी खुर्चीतून उठून ओरडले, इनासभाऊंनी सवयीनं नळ सोडला. मग मी पट्टी पुढे ओढली. पंच्याऐंशीवर माझं तोंड आलं, सताड उघडं, आणि उजव्या हाताचं बोट व्हिडिओवाल्यावर रोखलेलं. कपाळाचा अर्धा भाग आलाच नाही, तो कायमचा गेला. आणि माझ्या खांद्यामागं, खांबाआड, बुंदीच्या लाडवांच्या डब्यापाशी काकी आल्या. डबा उघडा होता. अर्धा लाडू हातात होता. उरलेला अर्धा कुठं होता ते गालावरून स्पष्ट दिसत होतं. आणि त्यांच्या पायाशी, कडेवर उभं राहून अजून गरगरत असलेलं, डब्याचं पितळी झाकण.

दुसरी कोणी असती तर फोटो घेऊन धावत वटारला गेली असती. मलाही तेच वाटलं होतं. चप्पल घातली होती. पण मग वाटलं, चार माणसांत काकींचं नाक कापलं तर त्या ताईला पाठवतील? जन्मात नाही. लाडू चव्हाट्यावर आला की त्याची किंमत संपली. झाकलेला आहे तोवर त्याला भाव आहे. मी चप्पल काढली आणि निरोप धाडला की काकी, बाजाराला याल तेव्हा स्टुडिओत या, तुमचा एक फोटो फार छान आलाय.

काकी भाजीच्या दोन रिकाम्या टोपल्या घेऊन आल्या. त्यांना बसायला फोटोचं स्टूल दिलं. मागं बर्फाच्या डोंगराचा पडदा होता, काकी त्या डोंगरापुढं टोपल्या मांडीवर घेऊन बसल्या. मी पट्टी सरकवायला सुरुवात केली.

"ही साडी कोनाची?" त्यांनी विचारलं.

"माजी."

साठवर कऱ्हा आला. काकींनी मान पुढे काढली, स्टूल करकरलं.

"पायलंत? टेकवलेला नाय."

"कमरेवर हाय. कमरेवर घेतात का कऱ्हा? धुनं न्यायला चाललीस का तू?"

"पन खाली नाय ना?"

"वर बी नाय." माणूस तयारीचं होतं, हे मला मान्य करायलाच हवं. मी पट्टी सत्तरवर नेली. खांबाशी काहीतरी जांभळं दिसायला लागलं. काकी लग्नात जांभळ्या साडीत होत्या. त्यांनी टोपली एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली.

"हे काय दिसतंय?"

"अजून नीट दिसत नाय. बघू या का?" मी पंच्याहत्तरवर नेली. डब्याची कड चमकली.

"थांब!" काकी म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "तुजी ताई येऊ दे बाई नवव्या महिन्यात."

"सातव्या."

"सातव्यात कोन पाठवतं?"

मी ऐंशीवर नेली. गालाची गोलाई दिसायला लागली.

"सातव्या! सातव्या! सातव्याला मी सोता आनून सोडते."

"बाळंतपनानंतर तीन महिने."

"सवा महिना. बाल आमचं हाय."

बोट माझं पट्टीवर होतं. काकींनी तो सवा महिना दोन केला, मी तीनावरून उतरले नाही. दोघी एकमेकींकडे न पाहता कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहत होतो. शेवटी अडीच महिन्यांवर मिटलं. खरं सांगते, घासाघिशीच्या बाबतीत मला तोडीस तोड भेटलेलं ते एकच माणूस. मिटल्यावर काकींनी अट घातली. फोटो साठच्या पुढं जायचा नाही.

"पन मग माजं तोंड?" मी विचारलं. "साठवर माजं तोंड येत नाय. नुसता हात येतो."

"तुजं तोंड तसं बी बरं नाय दिसत त्यात. दोघींची तोंडं उजेडात राहू दे. मी हाय तवर." मग उठताना, डोंगराकडे पाठ करून म्हणाल्या, "भटजी लई उशिरा आला गो. डोल्यापुढं अंधारी आली माज्या."

तेव्हा मला एकच पट्टी येत होती, ती सगळ्या फोटोला एकदम लागायची. माझं तोंड काढलं की लाडू निघायचाच. ताईसाठी मी साठवर शिक्कामोर्तब केलं.

काकींनी शब्द पाळला. सातव्या महिन्यात स्वतः ताईला घेऊन आल्या, आईनं त्यांना केळफुलाची भाजी आणि भाकरी वाढली, भाकऱ्या जाडजूड आणि टम्म फुगलेल्या. साठवरचा फोटो मोठा करून वटारला ओटीवर लागला. कऱ्हा टेकवला नव्हता हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. मोटर, करपा, मुंग्या, सगळं माफ झालं. आता कोणीही म्हणेल की मग रडगाणं कसलं? रडगाणं हे, की फोटोत हात कोणाचा हा प्रश्न लोकांनी स्वतःच सोडवला. करवली रागाच्या भरात भांडायला निघून गेली, हे तर सगळ्यांना माहीतच होतं. मग कऱ्हा कोणी सांभाळला? कोणी म्हणे भावोजींच्या आतेबहिणीनं पटकन पुढे होऊन झेलला. त्या आतेबहिणीला दोन वर्षांनी तो प्रसंग आठवायलाही लागला. नारळ कसा घसरत होता, तिनं कसा सावरला, सगळं ती सांगते. भरल्या पंगतीत तिनं माझ्यासमोर सांगितलं, आणि काकी श्रीखंड वाढत होत्या, माझ्या ताटात त्यांनी दोन चमचे जास्त घातलं आणि पुढे गेल्या. मी खाल्लं. सौदा झालेला होता.

काकी गेल्या त्याला आता वर्ष होईल. त्यांच्या दिवसकार्याच्या आधी ताईचा फोन आला. "आईंचा फोटो हवाय गं भिंतीवर लावायला. सगळ्या फोटोंत कपाळाला आठ्या आहेत. एकात तर त्या फोटोवाल्याला मारायला निघाल्यात असं वाटतं. तुझ्याकडे आहे का एखादा हसरा?"

माझ्याकडे होता. जगात एकच होता. आता ब्रश असतो, हवी तेवढीच जागा उजेडातून काढता येते, दोन मिनिटांचं काम. मी ती जुनी फाइल उघडली आणि आधी, खोटं कशाला बोलू, स्वतःला काढलं. एकोणीस वर्षांची, अर्धं कपाळ नसलेली, कमरेवर कऱ्हा आणि तोंडात आग. भांडताना मी सुंदर दिसत होते, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. थोडा वेळ पाहिलं आणि एक बोट सोडून बाकी सगळं परत पांढरं करून टाकलं. मग काकींना काढलं. पोटात आग पडलेल्या बाईच्या तोंडात पहिला घास गेल्यावर येतं तसं हसू होतं, डोळे मिटत आलेले, गाल भरलेला. लाडवाचा हात मी फ्रेमबाहेर ठेवला. "मी हाय तवर" हे त्यांचेच शब्द, पण काही सौदे माणसाच्या पलीकडे पाळावे लागतात.

फोटो आता ओटीवर आहे, चंदनाचा हार घातलेला, लग्नाच्या फोटोशेजारीच. येणारा प्रत्येक जण म्हणतो, किती प्रसन्न दिसतात, काय तेज आहे! आतेबहीण तर डोळे पुसत म्हणाली, उपासानं येतं हो असं तेज. फक्त चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात एक बोट आहे, काकींच्या भरल्या गालाच्या दिशेनं रोखलेलं. ताईची मुलगी, तीच जी निर्मळला जन्मली, मला म्हणाली, "मावशी, हे कोणाचं तरी बोट आलंय मध्ये. एका क्लिकमध्ये जाईल की, काढून टाक ना."

मी वटारच्या त्या ओटीवर उभी राहून, अख्ख्या घराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, की बोट राहील. ते काढलं तर मी या घरी पाण्याचा थेंबही घेणार नाही.

भावोजी मऊ माणूस. ते आत गेले आणि माझ्यासाठी पाण्याबरोबर बशीत एक लाडू घेऊन आले.